टोगोची बाजरी आणि आपली भाकरी

केडगावहून बोलतोय. नगरचं, देवीचं केडगाव बरं का, दौंडजवळचं नाही. दर वेळी कोणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगून टाकलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण बोलण्याच्या ओघात तोंडात नगरच येणार. तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे बाजरी. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. मी काही मिलेट कुकी विकायला आलेलो नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा पुण्यातल्या प्रत्येक कॅफेत तो प्रकार खाऊन झालाय. मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. आपल्या देशात, आपल्या राज्यासाठी, एक जास्त लोह असलेली बाजरी तयार झाली. ती खाऊन मुलांच्या शरीरातलं लोह वाढतं हे महाराष्ट्रातल्याच मुलांबरोबर तपासून झालं. २०१२ पासून तिचं बियाणं आहे. आणि तरी मी केडगावातल्या किराणा दुकानात जाऊन ‘ती बाजरी द्या’ असं म्हणू शकत नाही. हे असं का, हा आजचा प्रश्न.

मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला. बीटेक केलं, कोड लिहितो, शेतीत माझं नाव फक्त सातबाऱ्याच्या चर्चेत निघतं. यात घुसलो ते घरातल्या एका रिपोर्टमुळे. धाकट्या बहिणीचं हिमोग्लोबिन आठ पॉइंट नऊ आलं. कॉलेजला जाणारी, हसतखेळत असणारी मुलगी, जिना चढली की धाप लागायची आणि आम्ही सगळे तिला ‘मोबाईल कमी बघ’ म्हणून सांगत होतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तिला मळमळायचं, मग ती गुपचूप एक दिवसाआड घ्यायची. ही काही आमच्या एकट्या घरातली गोष्ट नाहीये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. दोनातल्या एकीहून जास्त. हे ऐकत असाल आणि शेजारी दोन मैत्रिणी बसल्या असतील, तर हिशेब तुम्हीच करा.

अन्नसुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोती येतात. गोदाम भरलंय ना, मग झालं. त्या विचारालाही कारण आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना १९७२ चा दुष्काळ विचारून बघा. नगर जिल्ह्यात माणसं खडी फोडायला गेली, तलावांची कामं केली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, सुकडी खाल्ली. त्या वेळी पोट भरणं हाच प्रश्न होता. दाण्यात लोह किती, हे विचारायला कोणाला फुरसत होती?

बाजरीचं तर त्याआधीच एक महाभारत होऊन गेलं होतं. १९६५ साली लुधियानाच्या कृषी विद्यापीठातून एचबी-१ हा संकरित वाण आला. त्यासाठी लागणारी मादी ओळ अमेरिकेतल्या जॉर्जियामधून, टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रातून आलेली. उतारा एकदम वाढला. १९७०-७१ ला देशात ८० लाख टनांच्या आसपास बाजरी झाली. मग गोसावी आला. गोसावी म्हणजे बाजरीवरचा केवडा रोग. कणसात दाणे भरायच्या ऐवजी हिरव्या पानांचा झुपका होतो, जटा वाढवलेल्या गोसाव्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. आपल्या लोकांनी रोगालासुद्धा काय नाव दिलंय बघा. तर झालं असं की सगळीकडे जे संकरित वाण पेरले होते त्यांची आई एकच. ती रोगाला बळी पडणारी, म्हणून सगळ्या शेतांत रोग एकदम पसरला. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळे सर्व्हर एकाच लायब्ररीवर चालत होते आणि त्या लायब्ररीत भोक निघालं. उत्पादन धाडकन खाली आलं.

याच सुमाराला, १९७२ मध्ये, हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. गहू आणि तांदळावर जगभर काम चालू होतं. फिलिपाइन्समध्ये भाताची संस्था होती, मेक्सिकोत गव्हाची. पण पाऊस कमी, जमीन हलकी आणि खिसा रिकामा, अशा उष्ण प्रदेशातले लोक जे खातात त्याकडे कोण बघणार? म्हणून ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही पिकं इक्रिसॅटकडे आली. नगर, बीड, सोलापूरचं ताट आणि आफ्रिकेतल्या नायजर-मालीचं ताट, दोन्हींचा विचार एका ठिकाणी.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग.

बाजरी मुळात आफ्रिकेतली. सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी माणसाने ती लागवडीखाली आणली, मग ती आपल्याकडे आली. आपण जिला ‘आपली गावरान’ म्हणतो, ती फार जुनी पाहुणी आहे. पश्चिम आफ्रिकेत टोगो, घाना, बेनिन, बुर्किना फासो या भागात बाजरीचा ‘इनियाडी’ नावाचा स्थानिक प्रकार आहे. दाणा टपोरा, पीक लवकर निघणारं. उत्तर टोगोमधल्या अशा बियाण्यातून निवड करत करत इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी आयसीटीपी ८२०३ हा वाण तयार केला. १९८८ साली तो महाराष्ट्र आणि आंध्रसाठी प्रसारित झाला. त्यांना हवं होतं काय? मोठा दाणा, कमी दिवस आणि गोसाव्याला तोंड देण्याची ताकद. लोहाचा विषय तेव्हा कोणाच्या डोक्यातच नव्हता.

पुढे २००० नंतर जगात वेगळा विचार जोर धरू लागला. गोळ्या वाटण्यापेक्षा, पिठात काही मिसळण्यापेक्षा, पीकच असं निवडायचं की दाण्यातच लोह, जस्त, अ जीवनसत्त्व जास्त असेल. याला बायोफोर्टिफिकेशन म्हणतात, आपल्याकडच्या कृषी पुस्तिकांत ‘जैवसंपृक्त वाण’ असा शब्द असतो. गैरसमज नको, इथे जनुकं इकडची तिकडे घातलेली नाहीत, ही साधी निवड आणि पैदास आहे. तर लोहासाठी बाजरीचे जुने-नवे वाण तपासायला घेतले आणि हा जुना आयसीटीपी ८२०३ वरच्या रांगेत निघाला! वीस-पंचवीस वर्षं शेतात होता, लोक भाकरी खात होते आणि कोणाला पत्ता नव्हता.

तपासण्यातही गंमत आहे. दाण्यातलं लोह मोजताना सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे धूळ. मातीत लोह भरपूर असतं. खळ्यावरची थोडी माती दाण्याला चिकटली की रीडिंग वाढतं आणि तुम्हाला वाटतं, वा, काय वाण सापडला! मग करतात काय, तर त्याच नमुन्यातलं ॲल्युमिनियमही मोजतात. ॲल्युमिनियम मातीत खूप असतं, दाण्यात नगण्य. ते जास्त दिसलं की समजायचं, नमुना मळका आहे. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली होती. असा खोटा डेटा पकडणारा चेक लिहिणारा माणूस आमच्या टीममध्ये पाहिजे.

त्या जुन्या वाणातून पुन्हा निवड करून जो सुधारित वाण आला, तो ‘धनशक्ती’. २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला, नंतर देशभरासाठी. यात इक्रिसॅटबरोबर आपलं राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ होतं. केडगावातून निघालात तर मनमाड रोडने तासाभराचा रस्ता. ट्रॅफिक लागलं नाही तर. धनशक्तीत किलोमागे साधारण ७१ मिलिग्रॅम लोह धरतात, नेहमीच्या संकरित बाजरीत ४५ ते ५०. दिवसाला दोन-तीन भाकरी म्हणजे २०० ग्रॅम बाजरी धरली, तर नेहमीच्या बाजरीतून नऊ-दहा मिलिग्रॅम, धनशक्तीतून चौदा. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० चं कोष्टक सांगतं. म्हणजे निम्मं काम भाकरीतच झालं. ताटात वेगळं काहीच करायचं नाही.

पण इथे कोणीही शहाणा माणूस विचारेल: दाण्यात आहे म्हणजे रक्तात जातं का? बरोबर प्रश्न. बाजरीत फायटेट असतं, ते लोह धरून ठेवतं, शरीराला सगळं घेऊ देत नाही. म्हणून नुसत्या प्रयोगशाळेच्या आकड्यावर कोणी थांबलं नाही. उत्तर कर्नाटकात, बेळगावच्या डॉक्टरांच्या सहभागाने, अगदी लहान मुलांना अशा बाजरीचे पदार्थ देऊन शरीरात किती लोह आणि जस्त शोषलं जातं ते मोजलं. शोषलं गेलेलं प्रमाण त्या वयाच्या गरजेला पुरेल एवढं होतं. तिकडे बेनिनमध्ये बायकांबरोबर तसाच अभ्यास झाला, तिथेही नेहमीच्या बाजरीच्या दुपटीच्या आसपास लोह शरीरात गेलं. बेनिन म्हणजे टोगोचा शेजारी. ज्या भागातून बी आलं, त्या भागाच्या बायकांनाही त्याचा उपयोग, हे मला फार न्याय्य वाटतं.

आणि मग महाराष्ट्रातल्या निवासी शाळांमधल्या १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींबरोबरचा अभ्यास, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी, दुसऱ्याला साध्या बाजरीची. नंतर भाकरीबरोबर शेवही दिली, मुलं ती मुलंच. सुरुवातीला ४० टक्क्यांहून जास्त मुलांमध्ये लोहाची कमतरता होती. चार महिन्यांत जास्त लोहाच्या गटात शरीरातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. ज्यांच्यात मुळात कमतरता होती, त्यांची ती सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या १.६४ पट होती. पुढे २०१८ च्या एका लेखात याच प्रयोगातल्या काही मुलांच्या चाचण्या आल्या, लक्ष आणि स्मरणशक्ती यांत फरक दिसला. क्लासच्या फीवर लाख लाख रुपये घालणाऱ्या जिल्ह्यात ही बातमी गल्लोगल्ली पोचायला हवी होती, असं मला वाटतं.

नाही पोचली. का?

मी नगरात बियाण्याच्या दुकानात गेलो. धनशक्ती आहे का विचारलं. दुकानदार म्हणाला, “दादा, ते सरळ वाण. हे घ्या, हायब्रीड, उतारा बघा.” लोहाचं सांगितलं तर हसला. “शेतकऱ्याला लोहाचे पैसे कोण देतंय? आडत्याकडे काय चुंबक लावून बघणार का?”

चिडायचं कारण नाही, त्याने दोन वाक्यांत सगळा विषय सांगितला. लोह दिसत नाही. २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार याच बायोफोर्टिफिकेशनच्या कामाला मिळाला, चार जणांना मिळून. त्यातल्या तिघांचं काम आफ्रिकेतल्या नारिंगी रताळ्यावर होतं. मोझांबिक, युगांडाकडे लोक पांढरं रताळं खायचे, अ जीवनसत्त्व असलेलं रताळं आतून नारिंगी असतं. कापलं की कळतं. आई बाजारात रंग बघून घेऊ शकते, पोराला सांगू शकते. आपल्या बाजरीला तसा रंग नाही. धनशक्तीचं पोतं आणि साध्या बाजरीचं पोतं शेजारी ठेवलं तर मला काय, कृषी पदवीधरालाही नुसतं बघून सांगता येणार नाही. मार्केट यार्डात दोन्ही एकाच ढिगात पडतात. २०२५-२६ साठी बाजरीचा हमीभाव क्विंटलला २,७७५ रुपये होता. लोह जास्त असो की कमी, तोच आकडा. तोही प्रत्यक्षात मिळतो का, हा वेगळा एपिसोड होईल.

दुसरी गोष्ट सरळ वाण आणि संकरित वाण यांची. संकरित बियाणं दर वर्षी नवं घ्यावं लागतं, घरचं धरून पेरलं तर पीक सारखं येत नाही. कंपनीसाठी ते सबस्क्रिप्शन आहे, दर हंगामाला रिन्यू. धनशक्ती सरळ वाण असल्याने शेतकरी घरचं बी धरू शकतो, दोन-तीन वर्षं पेरू शकतो. ओपन सोर्ससारखं. ऐकायला भारी वाटतं ना? पण ओपन सोर्सचं जे दुखणं, तेच इथे: फुकट चालणाऱ्या गोष्टीची जाहिरात कोण करणार? पाचोऱ्याच्या निर्मल सीड्सने सुरुवातीला धनशक्तीचं बियाणं वाढवून विकायला घेतलं, हे त्यांचं श्रेय. पण बहुतेक कंपन्यांचा पैसा हायब्रीडमध्ये आहे आणि शेतकऱ्यालाही एकरी जास्त पोती हवी असतात. त्यात चूक काय? शिवाय बाजरी परपरागी पीक. शेजाऱ्याच्या शेतातलं परागकण वाऱ्याने येतं, घरच्या बियाण्याची शुद्धता हळूहळू जाते. तेव्हा ‘घरचं बी म्हणजे सगळं चांगलं’ हेही मी डोळे मिटून म्हणणार नाही.

हे शास्त्रज्ञांनाही कळत होतं. म्हणून पुढे जास्त लोहाचे संकरित वाणच आले. राहुरी विद्यापीठाच्या धुळे केंद्रातून फुले आदिशक्ती आणि फुले महाशक्ती, छत्रपती संभाजीनगरकडून एएचबी १२०० एफई. त्यातला ‘एफई’ म्हणजे लोहच, दहावीचं रसायनशास्त्र आठवा. आणि २०१८ मध्ये देशपातळीवर एक नियम झाला, ज्याचं मला सगळ्यात कौतुक आहे: बाजरीचा नवा वाण पुढे न्यायचा तर त्यात किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त पाहिजेच. म्हणजे टेस्ट पास नाही झाली तर कोड मर्ज होणार नाही. शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, आडत्याला चुंबक लावायची गरज नाही. पेरलं जाईल त्यातच किमान तेवढं असेल. ज्या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत त्या अशाच, खालून, नियमाने आणाव्या लागतात असं माझं मत झालंय. ४२ ची पातळी जरा खालचीच आहे हेही खरं. ती हळूहळू वर न्यायला हवी.

सरकारने दुसरा रस्ताही धरला होता. रेशनच्या तांदळात लोह मिसळलेले दाणे घालायचे, तुमच्या घरी आले असतील, लोक त्यांना प्लास्टिकचा तांदूळ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवायचे. प्लास्टिक नाहीये ते, कृपया फॉरवर्ड करू नका. गिरणीत मिसळलेलं मोजता येतं, करोडो लोकांना एकदम पोचवता येतं, हा त्याचा फायदा. पण जो पैसा गिरणीकडे जात होता, त्यातला थोडा जर नगर-बीडच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे गेला, आश्रमशाळेच्या आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघराने जास्त लोहाची बाजरी नाव घेऊन खरेदी केली, तर? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्याचा शब्द आहेच. नवा कायदा नको, फक्त खरेदीच्या कागदावर वाणाचं नाव हवं.

अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना आपण बीजमाता म्हणतो आणि २०२० च्या यादीत ज्यांना पद्मश्री मिळाली, त्यांच्याकडे बघताना मला टोगोच्या त्या बाया-माणसांची आठवण येते ज्यांनी इनियाडीचं बी पिढ्यान्‌पिढ्या मडक्यात जपलं. ते जपलं नसतं तर शास्त्रज्ञांनी निवडायचं कशातून? त्यांची नावं कुठल्या पेपरात नाहीत.

बरं, आता घरात काय चाललंय ते सांगतो, कारण तुम्ही विचारणारच. बहिणीच्या गोळ्या चालू आहेत आणि चालूच राहणार. आठ-नऊ हिमोग्लोबिन नुसत्या भाकरीने वर येत नाही, डॉक्टरांनी दिलेलं बंद करू नका. डॉक्टरांनीच गोळीची वेळ बदलून दिली, तेव्हापासून मळमळ कमी आहे. जेवणानंतर लगेचचा चहा बंद केला, कारण चहा लोहाला अडवतो. भाकरीबरोबर लिंबू किंवा पेरू असतो. आई म्हणते बाजरीचं पीठ आठवड्यात कडू होतं म्हणून आम्ही गव्हाकडे गेलो होतो. ते खरंच आहे, दाण्यातल्या तेलामुळे होतं, आणि हा कडवटपणा उशिरा यावा यासाठीही संशोधन चालू आहे. तोवर आमच्याकडे चार-चार दिवसांचंच दळण होतं. गिरणीवाला वैतागतो. वैतागू दे.

आणि नेप्तीच्या पुढे मामांची जमीन आहे. त्यांना म्हटलं, मामा, या खरिपाला अर्धा एकर फुले महाशक्ती लावाल का, घरात खायलाच पाहिजे. मामा म्हणाले, “बियाणं तू आणून दे, पेरून मी देतो. पण पाखरं राखायला लॅपटॉप घेऊन तूच यायचं.” बियाण्यासाठी राहुरीच्या विक्री केंद्रात मे अखेरीला जाणार आहे. तुमच्यापैकी कोणी या वर्षी जास्त लोहाची बाजरी पेरली असेल, तर पिशवीच्या लेबलचा फोटो आणि एकरी किती पोती झाली ते पाठवा. तालुका लिहायला विसरू नका.